ॲमिनो अम्ल, हृदय आणि देहभार : एका पूरक द्रव्याच्या कल्पनेचा इतिहास
(पुणे परिसराच्या विशेष संदर्भात)

१. विषयप्रवेश

आहारातील एखादा घटक वेगळा काढावा, त्याचे चूर्ण करावे आणि त्या चूर्णाने शरीरातील एखादी विवक्षित उणीव भरून काढावी, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही स्वतःचा इतिहास आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. हृदय सुदृढ राहावे व देहभार आटोक्यात यावा या दोन हेतूंनी ॲमिनो अम्लांची चूर्णे व गोळ्या घेण्याची प्रथा हे या कल्पनेचे अगदी अलीकडचे रूप होय. प्रस्तुत लेखात या कल्पनेचा उगम, तिची औद्योगिक बैठक आणि तिची झालेली परीक्षा यांचा आढावा घ्यावयाचा आहे. या परीक्षेतील काही महत्त्वाचे टप्पे पुण्यात व पुण्याच्या आसपासच्या गावांत घडले. म्हणून त्यांचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

या विवेचनाच्या आरंभी मुळशी तालुक्यातील कासारसाई या गावाचा उल्लेख करण्यास दोन कारणे आहेत. कासारसाई-दारुंब्रे येथे श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना आहे. आणि साखर तयार होताना मागे उरणारी मळी हा जगातील ॲमिनो अम्ल उद्योगाचा एक प्रमुख कच्चा माल आहे. हे पहिले कारण. दुसरे कारण असे की, भातशेतीचा हा मुलूख आणि हिंजवडीची संगणक-उद्योगनगरी ही आज एकमेकांना अगदी लागून आहेत. एका बाजूस अंगमेहनत व भात-भाकरीचा आहार, दुसऱ्या बाजूस बैठे काम व बाजारातील पूरक द्रव्ये, असे दोन जीवनक्रम येथे काही मैलांच्या अंतरात नांदतात. पुण्यातील संशोधकांनी ज्या प्रश्नाचा पाठपुरावा केला, तो नेमका या दोन जीवनक्रमांमधील शरीरांचा प्रश्न आहे.

२. प्रथिनापासून ॲमिनो अम्लापर्यंत

ॲमिनो अम्लांचा शोध प्रथिनांच्या रासायनिक घटनेचे ज्ञान होण्याच्या आधीच लागला होता. १८०६ साली व्होक्लँ व रोबिके या फ्रेंच रसायनज्ञांनी शतावरीच्या वर्गातील एका भाजीच्या रसातून ॲस्परजीन वेगळे केले. 'प्रोटीन' हे नाव मात्र १८३८ मध्ये मुल्डर या डच रसायनज्ञाच्या लेखनातून प्रचारात आले. ते बर्झेलियसने सुचविले होते. त्या शब्दातच 'प्रथम' या अर्थाची छटा आहे, आणि मराठीतील 'प्रथिन' हा शब्दही तीच छटा वागवितो. शरीराचे आद्य द्रव्य ते हेच, अशी समजूत त्या नावाबरोबरच रूढ झाली. पुढील शतकभर आहारशास्त्रात प्रथिनाला जे अग्रस्थान मिळाले, त्यात प्रत्यक्ष पुराव्याइतकाच या समजुतीचाही वाटा होता.

सर्व प्रथिने सारख्या मोलाची नसतात, ही गोष्ट विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाली. १९०६ साली विलकॉक व हॉपकिन्स यांनी केंब्रिजमध्ये असे दाखविले की, मक्यातील झेईन हे एकच प्रथिन मिळणाऱ्या उंदरांना ट्रिप्टोफेनची जोड दिली तर ते अधिक काळ तग धरतात. १९१४ मध्ये ऑस्बर्न व मेंडेल यांनी अमेरिकेत याच धर्तीवर प्रयोग केले. ट्रिप्टोफेनने उंदरांचे वजन टिकते, परंतु लायसीनही दिल्यावाचून त्यांची वाढ होत नाही, असे त्यांना आढळले. १९३५ च्या सुमारास विल्यम रोज यांनी थ्रिओनीन हे ॲमिनो अम्ल शोधून काढले. पुढे इलिनॉय विद्यापीठातील तरुण विद्यार्थ्यांवर त्यांनी नायट्रोजन-समतोलाचे प्रयोग केले आणि प्रौढ मानवास आठ ॲमिनो अम्ले अन्नातूनच मिळाली पाहिजेत असा निष्कर्ष काढला.

रोज यांच्या या यादीत आर्जिनिन नव्हते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८८६ मध्ये शुल्झे व श्टायगर यांनी एका द्विदल धान्याच्या मोडांतून ते वेगळे केले होते. निरोगी प्रौढ शरीर आपल्या गरजेपुरते आर्जिनिन स्वतः तयार करते. म्हणून आहारशास्त्राने त्याला अत्यावश्यक मानले नाही. जे द्रव्य आहारशास्त्राने दुय्यम ठरविले तेच पुढे हृदयाचे रक्षक म्हणून बाजारात यावे, हा या इतिहासातील एक मनोरंजक विरोधाभास होय.

३. मळी, जिवाणू आणि उद्योग

एखादे द्रव्य औषधी आहे एवढ्याने ते घरोघरी पोहोचत नाही. ते स्वस्तही व्हावे लागते. ॲमिनो अम्ले स्वस्त कशी झाली, याचे उत्तर जपानच्या औद्योगिक इतिहासात मिळते. १९०८ साली किकुनाए इकेदा यांनी समुद्रवनस्पतीच्या काढ्यातून ग्लुटामेट वेगळे केले आणि त्याची चव ही स्वतंत्र चव असल्याचे प्रतिपादन केले. त्यानंतर जवळजवळ पाच दशके हे द्रव्य गव्हाच्या वा सोयाबीनच्या प्रथिनाचे अम्लाने विघटन करून मिळविले जाई. ही रीत खर्चाची होती. १९५६ च्या सुमारास शुकुओ किनोशिता व त्यांच्या सहकाऱ्यांना मातीतील असा एक जिवाणू आढळला की, तो शर्करा खाऊन ग्लुटामिक अम्ल आपल्या पेशीबाहेर टाकतो. लवकरच त्याच कुळातील उत्परिवर्तित जिवाणूंकडून लायसीनही मिळू लागले.

शर्करा म्हटले की उसाची मळी ही सर्वांत स्वस्त सामग्री. परंतु तिच्या वापरात एक अडचण निघाली. मळीत बायोटिन विपुल असते, आणि बायोटिन विपुल असले म्हणजे हा जिवाणू तयार केलेले ग्लुटामिक अम्ल बाहेर सोडीत नाही. योग्य वेळी थोडे पेनिसिलीन घातले की पेशीचे आवरण दुबळे होते व अम्ल बाहेर पडते, हे ध्यानात आल्यावर ही अडचण दूर झाली. एका जिवाणूनाशक औषधाच्या साहाय्याने दुसऱ्या द्रव्याची निर्मिती सुकर व्हावी, हे किण्वनशास्त्रातील एक लक्षणीय उदाहरण आहे. कासारसाईपासून फार दूर नसलेल्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी उपक्रमाची स्थापना झाली व तेथे पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. ऊस, मळी आणि किण्वन ही त्रयी अशा रीतीने या परिसराच्या औद्योगिक जीवनास अपरिचित नव्हती. येथील मळी मात्र मुख्यतः मद्यार्काकडे वळली, आणि ॲमिनो अम्लांचा उद्योग पूर्व आशियात वाढला.

या औद्योगिक क्रांतीचा परिणाम आहारविषयक विचारावरही झाला. जे द्रव्य पूर्वी प्रयोगशाळेत ग्रॅमने मोजले जाई ते आता टनांनी मिळू लागले, आणि त्याचा उपयोग कोठे करावा हा प्रश्न उभा राहिला. गरज आधी व उत्पादन नंतर, असा क्रम आपण सामान्यतः गृहीत धरतो. पूरक ॲमिनो अम्लांच्या बाबतीत हा क्रम अनेकदा उलटा झालेला दिसतो.

४. लायसीन आणि प्रथिनतुटीचा वाद

पहिला उपयोग सुचला तो भुकेल्या जगासाठी. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या धान्यांच्या प्रथिनांत लायसीन कमी असते. तेव्हा धान्यात लायसीन मिसळले तर गरिबांच्या आहाराची प्रत सुधारेल, असा तर्क पुढे आला. १९५५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी प्रथिनविषयक सल्लागार गट नेमला. १९६४ मध्ये लायसीनसंपन्न मक्याच्या वाणाचा शोध जाहीर झाला. भारतात १९६५ साली स्थापन झालेल्या मॉडर्न बेकरीज या सरकारी उपक्रमाच्या पावात जीवनसत्त्वांबरोबर लायसीनही घालण्यात येऊ लागले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका अहवालाने तर येऊ घातलेल्या प्रथिनसंकटाचा इशारा दिला.

या विचारप्रवाहाला सर्वांत प्रभावी विरोध ज्यांनी केला त्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे स्थान अग्रगण्य आहे. त्यांचा जन्म १९११ साली सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. संख्याशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी जागतिक अन्न व शेती संघटनेत सुमारे दोन दशके काम केले आणि निवृत्तीनंतर पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत संशोधन चालू ठेवले. भारतातील आहारसर्वेक्षणांच्या आधारे त्यांनी १९७० मध्ये असे दाखविले की, ज्या कुटुंबांच्या आहारात ऊष्मांक पुरेसे आहेत त्यांच्या आहारात प्रथिनही बहुधा पुरेसे असते; आणि प्रथिन अपुरे पडते ते मुख्यतः अन्नच अपुरे पडते म्हणून. ऊष्मांक अपुरे असताना खाल्लेले प्रथिन शरीर इंधन म्हणून जाळून टाकते. त्या अवस्थेत लायसीनची चिमूट ही रिकाम्या चुलीवर ठेवलेल्या फोडणीसारखी ठरते.

त्याच सुमारास हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील सी. गोपालन हेही वेगळ्या मार्गाने तशाच निष्कर्षाला आले होते. सूज येऊन खंगणारी मुले आणि केवळ हाडे उरलेली मुले यांच्या आहारांत प्रथिनाच्या प्रमाणाचा मूलगामी फरक नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीच्या अहवालाने प्रौढ पुरुषाची प्रथिनाची सुरक्षित मात्रा, अंडे वा दूध यांच्या प्रथिनाच्या परिमाणात, शरीरभाराच्या प्रत्येक किलोग्रॅमला ०.५७ ग्रॅमपर्यंत खाली आणली. १९७४ साली मॅक्लॅरेन यांनी या संपूर्ण प्रथिनमोहिमेची संभावना एक मोठी फसगत अशी केली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सुखात्मे यांचे पुढील सर्वच प्रतिपादन निर्विवाद ठरले नाही. एकाच व्यक्तीची ऊष्मांकांची गरज दिवसागणिक व आठवड्यागणिक आपोआप कमीजास्त होते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक मनुष्य कुपोषित मानू नये, असे त्यांनी १९७० च्या दशकात मांडले. दांडेकर व रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचे मोजमाप करताना दरडोई दररोज २,२५० ऊष्मांकांची मर्यादा धरली होती. सुखात्मे यांच्या कसोटीने भुकेलेल्यांची संख्या बरीच खाली येई. पुण्यातीलच गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी या कसोटीवर कठोर टीका केली, आणि गोपालन यांनीही तिला विरोध केला. कारण लहान चणीच्या शरीराला निरोगी ठरविण्याचा युक्तिवाद शासनाच्या अनास्थेला सोयीचा होता. तथापि केवळ एका ॲमिनो अम्लाच्या भरतीने भारतीय आहाराचा प्रश्न सुटणार नाही, या मूळ मुद्द्यावर हे तिघेही एकाच बाजूस उभे होते.

या वादात आपल्या पारंपरिक आहाराची एक बाजू दुर्लक्षित राहू नये. धान्यात लायसीन उणे, तर डाळीत ते विपुल. डाळीत मेथिओनीन उणे, तर धान्यात ते पुरेसे. वरणभात, पिठलेभाकरी वा आमटीभात खाणारे मावळ-मुळशीतील कुटुंब ही पूर्तता जेवणाच्या ताटातच करीत आले आहे. मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनी यांनी द्विदल धान्यांच्या प्रथिनांवर व त्यांतील पचनरोधक द्रव्यांवर संशोधन केले, आणि 'आहार-गाथा' या ग्रंथाच्या रूपाने आहाराचे शास्त्र मराठी वाचकांपर्यंत नेले. डाळ शिजविल्याने तिच्यातील पचनरोधक द्रव्ये मोठ्या प्रमाणात नष्ट होतात, म्हणजेच स्वयंपाकाची रीत हीच एक प्रकारची जीवरासायनिक प्रक्रिया आहे, हा या संशोधनक्षेत्राचा बोध आजही महत्त्वाचा आहे.

५. एकाच अम्लाचा अतिरेक

उणिवेचा विचार करताना अतिरेकाचाही विचार करावा लागतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांत पेलाग्रा हा त्वचेचा व मज्जासंस्थेचा विकार आढळे. हा रोग इतरत्र मका खाणाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध होता. १९६० मध्ये गोपालन व श्रीकांतिया यांनी अशी उपपत्ती मांडली की, ज्वारीतील ल्युसीन या ॲमिनो अम्लाचे जादा प्रमाण शरीरातील नियासीनच्या चयापचयात व्यत्यय आणते. पुढे या उपपत्तीविषयी मतभेद झाले. तरीपण ॲमिनो अम्लांचे हितकारकत्व त्यांच्या परस्पर समतोलावर अवलंबून असते, हा विचार त्यामुळे दृढ झाला.

दुसरा धडा अधिक कटू होता. १९८९ साली अमेरिकेत ट्रिप्टोफेनच्या गोळ्या घेणाऱ्यांत तीव्र स्नायुवेदना व रक्तातील विशिष्ट पेशींची अमर्याद वाढ यांची साथ उद्भवली. सुमारे १,५०० जणांना ती बाधली आणि त्यांपैकी निदान ३७ दगावले. किण्वनाने तयार केलेल्या एका उत्पादनातील अशुद्ध द्रव्यांशी या साथीचा संबंध जोडला गेला. 'नैसर्गिक' हे विशेषण निर्दोषतेची हमी देत नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

६. आर्जिनिन आणि हृदय

ॲमिनो अम्ल आणि हृदय यांचा संबंध प्रस्थापित झाला तो १९८० च्या दशकात. १९८० मध्ये फर्चगॉट यांनी असे दाखविले की, रोहिणीचा आतील नाजूक थर शाबूत असेल तरच विशिष्ट औषधाने ती सैल पडते. म्हणजे तो थर शैथिल्य आणणारे काहीतरी द्रव्य सोडीत असला पाहिजे. हे द्रव्य नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे १९८७ मध्ये निदर्शनास आले, आणि १९८८ मध्ये माँकाडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सिद्ध केले की रोहिणीच्या पेशी हा वायू आर्जिनिनपासून बनवितात. १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना याच शोधाबद्दल मिळाले.

यानंतरचा तर्क सरळ दिसत होता. आर्जिनिन अधिक दिले तर नायट्रिक ऑक्साइड अधिक होईल, रोहिण्या सैल पडतील, रक्तदाब उतरेल व हृदयाचे ओझे हलके होईल. काही अंशी हे खरेही ठरले. २०११ साली ११ चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात, तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनने वरचा रक्तदाब सरासरीने ५ मिलिमीटरच्या थोडा वर व खालचा रक्तदाब अडीच मिलिमीटरच्या आसपास उतरल्याचे आढळले. परंतु या सर्व चाचण्यांतील व्यक्तींची संख्या मिळून चारशेच्या आतच होती.

खरी कसोटी रुग्णाच्या जीविताची. हृदयविकाराचा झटका नुकताच येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत एक चाचणी घेण्यात आली. तिचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटास दिवसातून तीन वेळा ३ ग्रॅम आर्जिनिन व दुसऱ्या गटास तशीच दिसणारी परंतु औषधरहित मात्रा, असे सहा महिने द्यावयाचे होते. रोहिण्यांच्या ताठरतेत वा हृदयाच्या कार्यक्षमतेत आर्जिनिनने काहीही सुधारणा झाली नाही. उलट त्या गटातील सहा रुग्ण मृत्यू पावले. दुसऱ्या गटात एकही मृत्यू झाला नाही. चाचणी मुदतीपूर्वीच थांबविण्यात आली. हे मृत्यू आर्जिनिनमुळेच झाले असे एवढ्या लहान संख्येवरून निश्चयाने म्हणता येत नाही. परंतु झटक्यानंतरच्या रुग्णांना ते देऊ नये, हा निष्कर्ष मात्र अटळ होता.

तर्क सरळ असूनही तो का फसला, हे पाहणे उद्‍बोधक आहे. नायट्रिक ऑक्साइड बनविणाऱ्या विकराला आर्जिनिन अत्यल्प प्रमाणात पुरते आणि निरोगी मनुष्याच्या रक्तात ते त्याच्या कितीतरी पट असते. हौद भरलेला असताना त्यात आणखी घागरी ओतल्याने तोटीची धार वाढत नाही. शिवाय पोटात घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतडे व यकृत यांतच मोडला जातो. कलिंगडाच्या नावावरून ज्याचे नाव पडले त्या सिट्रुलीनचे मूत्रपिंडात आर्जिनिन होते, म्हणून हल्ली तेही विकले जाते. परंतु मूळ आक्षेप त्यालाही लागू पडतो. येथे हेही नमूद केले पाहिजे की, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे ३ ग्रॅम आर्जिनिन असते. शेंगदाण्याचा कूट व तिळाची चटणी ज्या स्वयंपाकघरात रोजची आहे, तेथे या द्रव्याची वाण पडण्याचा संभव फार थोडा.

७. देहभार : पुण्याचे साक्ष्य

आर्जिनिनने मेद घटतो असे म्हटले जाते, त्याचा मुख्य आधार प्राण्यांवरील प्रयोग हा आहे. मधुमेही स्थूल उंदरांवरील प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांवरील प्रयोग लहान व अल्पकालीन आहेत. त्यांतील काहींमध्ये आहारनियंत्रण व व्यायाम यांचीही जोड होती, त्यामुळे श्रेय कोणाचे हे वेगळे काढणे कठीण जाते. परंतु पुणे परिसराच्या दृष्टीने या प्रश्नाची मांडणीच मुळात निराळी करावी लागते. कारण येथे देहभार हे मापच फसवे आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत माता व बालके यांचा दीर्घकालीन अभ्यास चालविला. त्यात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलोग्रॅम आढळले. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टन येथील बालकांचे ते ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याची बालके पोटाचा घेर, स्नायू व अवयव या सर्वच बाबतींत लहान होती, परंतु त्वचेखालील मेद मात्र त्यामानाने टिकून होता. दिसण्यात कृश, घटनेत मेदस्वी, असे हे शरीर. २००४ मध्ये याज्ञिक व त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांनी एक बोलके उदाहरण प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने देहभाराचा दोघांचाही निर्देशांक २२.३ असा एकच होता; परंतु एकाच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर भारतीय संशोधकाच्या शरीरात २१.२ टक्के निघाला.

यावरून निघणारा निष्कर्ष गंभीर आहे. वजनकाट्यावरील आकडा उतरविणारे कोणतेही चूर्ण या शरीराचा प्रश्न सोडवू शकत नाही, कारण हा प्रश्न किलोग्रॅमचा नसून घटनेचा आहे, आणि त्याची पाळेमुळे मातेच्या उदरात आहेत. शेतावर राबणाऱ्या कुटुंबातील मुलगा बैठ्या नोकरीत शिरतो तेव्हा त्याला मधुमेह व हृदयविकार तुलनेने लवकर गाठतात, याची एक उपपत्ती येथे मिळते.

याच अभ्यासातील मातांच्या आहाराचे पृथक्करण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शोभा राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि ते २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचीच ही संस्था. सुखात्मे यांनी काम केले ते हेच ठिकाण. गर्भारपणाच्या अठराव्या आठवड्यात या मातांना दररोज सरासरी सुमारे ४५ ग्रॅम प्रथिन मिळत होते. तथापि बालकाच्या आकाराचा संबंध एकूण ऊष्मांकांशी वा प्रथिनांशी आढळला नाही. तो आढळला दूध, हिरव्या पालेभाज्या व फळे यांच्याशी. प्रथिन की ऊष्मांक, हा जुना वाद ज्या संस्थेत रंगला तेथूनच त्या दोहोंपलीकडे पाहण्याची दृष्टी मिळावी, ही ज्ञानाच्या प्रगतीची स्वाभाविक रीत होय.

८. होमोसिस्टीन आणि खरी उणीव

हृदयाशी निगडित असे आणखी एक ॲमिनो अम्ल आहे. ते मात्र घ्यावयाचे नसून टाळावयाचे आहे. १९३२ मध्ये द्यु व्हिन्यो यांनी मेथिओनीनपासून होमोसिस्टीन बनविले. १९६२ मध्ये या द्रव्याच्या अतिरेकाने होणाऱ्या आनुवंशिक रोगाचे वर्णन झाले. १९६९ मध्ये मॅककली यांनी अशा बालकांच्या रोहिण्या वृद्धांच्या रोहिण्यांसारख्या कठीण झालेल्या पाहिल्या आणि होमोसिस्टीन हेच रोहिणीकाठिण्याचे एक कारण असावे असे मत मांडले. शरीर होमोसिस्टीनचे पुन्हा मेथिओनीन बनविते. त्यासाठी फोलेट व बी-१२ ही दोन जीवनसत्त्वे लागतात. त्यांपैकी बी-१२ हे जिवाणू बनवितात आणि माणसास ते मुख्यतः प्राणिज अन्नातूनच मिळते.

पुण्याचे चित्र याबाबतीत चिंताजनक आहे. २००६ मध्ये याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, शहरातील झोपडवस्ती व शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांच्या तपासणीचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आणि ५८ टक्के पुरुषांत होमोसिस्टीन जास्त होते. शहरी मध्यमवर्गात ही उणीव ८१ टक्क्यांपर्यंत गेली होती. होमोसिस्टीन वाढण्यात फोलेटच्या कमतरतेपेक्षा बी-१२ च्या कमतरतेचा वाटा कितीतरी मोठा होता. ज्याच्या घरी अन्नाची ददात नाही त्याच वर्गात ही उणीव सर्वाधिक असावी, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. पुढे २००८ मध्ये असेही दिसून आले की, ज्या मातांच्या रक्तात फोलेट भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनचा प्रभाव सर्वाधिक मंदावलेला होता.

या उणिवेवर उपाय कोणता? २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुण्याच्या एका चाचणीत दररोज केवळ २ अथवा १० मायक्रोग्रॅम बी-१२ तोंडाने देऊन होमोसिस्टीन खाली आणता आले. २०१२ पासून त्याच सहा गावांतील किशोरवयीन मुलामुलींना २ मायक्रोग्रॅमची मात्रा देण्याचा उपक्रम सुरू झाला. पुढच्या पिढीचे आरोग्य हे त्याचे लक्ष्य होते. तरीसुद्धा येथेही सावधगिरी हवी. २००६ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, ५,५२२ रुग्णांचा समावेश असलेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत या जीवनसत्त्वांनी होमोसिस्टीन कमी झाले. परंतु हृदयविकाराचे झटके व त्यामुळे होणारे मृत्यू काही कमी झाले नाहीत. जो रोग जडून गेला आहे तो सूचक द्रव्य खाली आणल्याने उलटत नाही. बी-१२ ची उणीव भरून काढावयाची ती रक्त, मज्जातंतू व येणारी पिढी यांच्यासाठी. हृदयविकाराचे औषध म्हणून नव्हे.

९. उपसंहार

वरील इतिहासात एकच आकृती पुन्हापुन्हा उमटलेली दिसते. प्रयोगशाळेत एखाद्या अम्लाचे कार्य उलगडते. उद्योग ते स्वस्त करतो. त्याच्या भरतीने व्यापक प्रश्न सुटेल अशी आशा निर्माण होते. आणि शेवटी मोठ्या चाचण्या वा लोकसमूहाचा अभ्यास ती आशा मर्यादित करतात. लायसीन, आर्जिनिन व होमोसिस्टीन या तिन्ही प्रकरणांचा सांगाडा हाच आहे. चूक प्रयोगशाळेतील निरीक्षणांत नव्हती. शरीराच्या एका अंगाविषयीचे सत्य संपूर्ण शरीरास व संपूर्ण समाजास लागू करण्याच्या घाईत ती होती.

आपल्या देशाच्या कायद्याने या घाईला फार पूर्वी लगाम घातला होता. औषधे व जादूचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या अधिनियमाच्या परिशिष्टात, ज्यांवर उपायाची जाहिरात करू नये अशा विकारांमध्ये हृदयविकार, रक्तदाब व स्थूलता या तिन्हींचा नामनिर्देश आहे. २०१६ च्या नियमांनी पूरक आहारद्रव्यांस अन्न म्हणून मान्यता देऊन त्यांचे नियमन केले. अन्न आणि औषध यांच्या सीमारेषेवर उभ्या असलेल्या या द्रव्यांविषयी ग्राहकाच्या मनात जो संभ्रम आढळतो, त्याचे मूळ या दुहेरी व्यवस्थेतही शोधले पाहिजे. संशोधक विद्यार्थ्यांसाठी हा एक मोकळा विषय आहे.

कासारसाईच्या परिसरात आज जी तरुण पिढी शेतातून कार्यालयात जात आहे, तिच्यापुढील प्रश्न तातडीचा आहे. महिन्याच्या मिळकतीतील ठळक हिस्सा डब्यातील चूर्णावर खर्च करावयाचा, की तोच पैसा दूध, डाळ, पालेभाजी, फळे आणि चालण्याफिरण्याची सवड यांकडे वळवावयाचा, हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर देण्यास परदेशी ग्रंथांची वाट पाहण्याचे कारण नाही. सुखात्मे यांच्या आकडेमोडीपासून सहा गावांतील मातांच्या नोंदींपर्यंत, त्या उत्तराची सामग्री पुण्याच्या आसपासच जमा झालेली आहे. ती ज्यांच्याविषयी आहे त्यांच्यापर्यंत, त्यांच्या भाषेत नेऊन पोहोचविणे हे काम मात्र अद्याप बरेचसे व्हावयाचे आहे.